सुनंदाच्या बॅगेतली जागा

प्रथम क्षमा मागतो. लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. माझी सारी नोकरी ट्रॉम्बेच्या एका सरकारी ग्रंथालयात, इतरांनी लिहिलेले फळ्यांवर नीट लावून ठेवण्यात गेली. स्वतः काही लिहावे आणि ते कुणी वाचावे, असे धाडस मला कधी झाले नाही. निवृत्तीनंतर कॅमेरा हाती घेतला, तोसुद्धा दुसऱ्याची वस्तू उचलल्यासारखा संकोचाने. तेव्हा वाचताना तुम्हाला अवघडल्यासारखे झाले, तर दोष माझा. पण जे सांगायचे आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही — मुलीला नाही, मित्रांना नाही, आणि जिला ते सर्वांत आधी सांगायला हवे होते तिला तर नाहीच.

सुरुवात कुठून करू? कॅमेऱ्यापासूनच करतो. त्याविषयी मला निदान न अडखळता बोलता येते.

आमच्या मुलुंडला हौशी छायाचित्रकारांचे एक मंडळ आहे. बहुतेक जण माझ्यासारखेच, उशिरा सुरुवात केलेले. तिथे मला थोडा मान आहे, आणि तो एकाच गोष्टीसाठी — प्रवासाला कमीत कमी सामान कसे न्यावे हे मला कळते, असा लोकांचा समज आहे. नवे सभासद विचारायला येतात. मी त्यांना सांगतो: आधी स्वतःचा खांदा ओळखा, मग दुकानात जा. मोठा, भारदस्त कॅमेरा घेऊ नका. मिररलेस घ्या, हातात मावेल असा. रोजच्या कामाला एक छोटी झूम लेन्स पुरे. ट्रायपॉड घरी ठेवा, भिंती आणि कठडे सगळीकडे असतात. दोन जादा बॅटऱ्या, एक चार्जर, लेन्स पुसायला जुने मऊ धोतर. लांब पल्ल्याची लेन्स हा मोह आहे. ती घ्यायचीच असेल तर तिच्या वजनाचे दुसरे काहीतरी बाहेर काढा. मगच ती आत.

हे शेवटचे वाक्य मी फार ठामपणे उच्चारतो. लोक ते टिपून घेतात. बाहेर काय काढायचे, हे मात्र मला आजवर कुणी विचारलेले नाही.

मी मुद्द्याभोवती घिरट्या घालतो आहे, हे मला कळते. थोडे थांबा.

सुनंदा माझी पत्नी. आम्ही दोघेही मूळचे बुलढाण्याकडचे. पण ती भांडुपला वाढली आणि मी नोकरीसाठी आलो, म्हणून आमच्या घरात मुंबई तिची आणि मी पाहुणा, असाच हिशेब कायम राहिला. ती शाळेत गणित शिकवायची. घरमालकाशी बोलायचे असो, मुलीच्या कॉलेजात जायचे असो, सोसायटीच्या सभेत उठून उभे राहायचे असो — पुढे ती, मागे मी. लोक मला ‘सुनंदा मॅडमचे मिस्टर’ म्हणत. मला त्याचे वाईट वाटत नव्हते, असेच मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो. खरे होते का ते?

ती निवृत्त झाली तेव्हा शाळेतल्या सहकाऱ्यांनी तिला काय हवे ते विचारले होते. साडी नको, घड्याळ नको, मला एक चांगली दुर्बीण द्या, असे तिने सांगितले. सगळे हसले म्हणे. ती दुर्बीण गळ्यात अडकवून सुनंदा भांडुपच्या पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर खाडीतले रोहित पक्षी बघत उभी राहायची. मी शेजारी कॅमेरा घेऊन. “तुम्ही काढा फोटो,” म्हणायची, “मी बघून घेते. घरी नेण्यासारखं काही नाही माझ्याकडे, पण मला सगळं दिसतं.”

तिच्या आईविषयीही सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. त्या शेवटची काही वर्षे आमच्याकडे होत्या. आधी वस्तू कुठे ठेवली ते विसरू लागल्या, मग भलत्याच जागी ठेवू लागल्या. चष्मा तांदळाच्या डब्यात सापडायचा, कंगवा फ्रिजमध्ये. शेवटी त्या सुनंदालाच ‘बाई, तुम्ही कुणाकडच्या?’ असे विचारायच्या. सुनंदाने ते सारे न चिडता केले. पण त्यांना पोचवून आल्यावर एकदाच ती मला म्हणाली, “अहो, मला कॅन्सर होऊ दे, काहीही होऊ दे. हे नको.” हे वाक्य मी ऐकले होते. मला माहीत होते. माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

आम्ही लडाखला जायचे ठरवले. तिथल्या एका जुन्या गोंपाविषयी, म्हणजे बौद्ध मठाविषयी, तिने वाचले होते. आत तीन मजले उंच मूर्ती. वरच्या मजल्यांवर जायला बंदी, पण वरच्या भिंतींवर बोटाएवढ्या आकाराचे शेकडो बुद्ध रंगवलेले, खालून नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. “दुर्बिणीने दिसतील,” सुनंदा म्हणाली. तिच्यासाठी सारा प्रवास त्या एका भिंतीसाठी होता. माझ्यासाठी तो कशासाठी होता? मंडळाच्या प्रदर्शनासाठी, असे म्हणायला हरकत नाही.

विमानात हातातल्या सामानाला वजनाची मर्यादा असते. कॅमेरा मी मालाच्या कप्प्यात टाकणार नव्हतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून मी माझी बॅग मर्यादेत बसवली होती, आणि लांब पल्ल्याची लेन्स बाहेर राहिली होती. मी स्वतःला बजावले — नको. मोह आहे. निघायच्या दिवशी सकाळी मात्र ती कपाटावर दिसली आणि मला राहवेना.

सुनंदाची एक पद्धत होती. प्रवासाची बॅग तीच भरायची. सगळ्या वस्तू पलंगावर मांडायच्या, मोठ्याने नाव घेत एकेक आत ठेवायची, आणि एकदा चेन लावली की ती पुन्हा उघडायची नाही, कारण उघडण्याची गरजच पडत नसे. इतक्या वर्षांत तिने काही विसरल्याचे मला आठवत नाही. त्या सकाळी तिची लहान बॅग दाराजवळ चेन लावून तयार होती. ती आतल्या खोलीत मेणबत्ती लावून वंदनेला बसली होती. तिचा आवाज मला ऐकू येत होता.

मी तिची बॅग उघडली. दुर्बीण शालीच्या घडीत होती. ती मी काढली आणि त्याच घडीत माझी लेन्स ठेवली. वजन साधारण तेच.

वंदना संपल्याचे मला ऐकू आले. दुर्बीण माझ्या हातात होती आणि मी दाराशी उभा होतो. जवळ होते ते चपलांचे कपाट. मी ते उघडले, खालच्या फळीवर जुन्या गमबुटांमागे ती सरकवली आणि कपाट लावले. विमानतळावर तिला सांगू, असे मनात होते. होते ना? आता मला त्याचीही खात्री नाही.

टॅक्सीत मी अर्धेच सांगितले — माझी लेन्स तुझ्या बॅगेत ठेवली आहे. अर्धे खरे हे किती सोयीचे असते, हे मला त्या दिवशी कळले. ती म्हणाली, “ठेवा की. पण जागा कुठून झाली? मी तर गच्च भरली होती.”

“झाली,” मी म्हणालो.

गोंपाच्या अंगणात पोचल्यावर तिने बॅग उघडली. शाल झटकली. मग एकेक वस्तू दगडी कट्ट्यावर काढून ठेवली. दारातला वयस्क लामा किल्ली हातात धरून शांतपणे थांबला होता. “होती हो,” ती म्हणाली. “मी स्वतः ठेवली. शालीत गुंडाळून. नाव घेऊन ठेवली.” मी समोर उभा होतो. मुक्कामावर मीच तिच्या बॅगेतून काढून घेतलेली लेन्स माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याला लावलेली होती. त्या क्षणी बोललो असतो तर काय झाले असते? ती चिडली असती. संध्याकाळपर्यंत बोलली नसती. जेवताना कदाचित मला चार टोमणे मारून हसलीही असती. एवढेच. एवढ्याला मी भ्यालो.

“घरी राहिली असेल,” मी म्हणालो.

आत छायाचित्रणाला मनाई होती. तसा फलकच होता. कॅमेरा बॅगेत घालून मी तिच्यामागे आत गेलो. वरच्या झरोक्यातून थोडा उजेड येत होता. तिने मान वर केली, डोळे बारीक केले, दोन पावले मागे गेली, पुन्हा पुढे आली. वर लालसर, करडे काहीतरी पसरलेले दिसत होते, इतकेच. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “चला. मान दुखायला लागली.”

परतीच्या वाटेवर, नदीच्या पलीकडे, सातूच्या शेतातून एक बाई वासराला ओढत नेत होती. मी त्या लेन्सने फोटो काढला. तो चांगला आला. फार चांगला आला. पुढे प्रदर्शनात तो दर्शनी भिंतीवर होता.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. एका बाईची दुर्बीण, एक भिंत. नाही. एवढेच असते तर मी हे लिहायला बसलो नसतो.

परतताना मी ठरवले होते की घरात आधी आपण शिरायचे, दुर्बीण काढून तिच्या टेबलावर ठेवायची, आणि ‘ही बघ, इथेच राहिली होती’ म्हणायचे. पण आपल्याकडे माणूस घरात शिरताना पहिली गोष्ट कोणती करतो? पायातले काढतो. मी खाली टॅक्सीतून सामान उतरवत होतो. ती किल्ली घेऊन वर गेली. चालण्यासाठी घेतलेले जाड बूट नेहमीच्या फळीवर मावेनात, म्हणून ते ठेवायला तिने खालची फळी रिकामी केली.

मी वर आलो तेव्हा ती दारातच जमिनीवर बसली होती. एका पायात बूट, एक पाय उघडा. मांडीवर दुर्बीण.

“मी हिला चपलांत ठेवली?” ती म्हणाली.

तिचा चेहरा मी पाहिला आणि मला ताबडतोब कळले की तिला काय दिसते आहे. तांदळाचा डबा दिसतो आहे. फ्रिजमधला कंगवा दिसतो आहे. एक वाक्य पुरे होते. ‘मी ठेवली’ — इतकेच. माझ्या दोन्ही हातांत बॅगा होत्या. मी त्या खाली ठेवल्या आणि म्हणालो, “होतं असं. घाईत.”

संध्याकाळी चहा घेताना तिने माझ्यासमोर तर्क मांडला. वर्गात मांडायची तसाच, एकेक पायरी. “बघा हं. मला आठवतं की मी दुर्बीण ठेवली आणि बॅग गच्च भरली. पण तुमची लेन्स आत मावली. भरलेल्या बॅगेत मावणार नाही. म्हणजे बॅग भरलेली नव्हती. म्हणजे दुर्बीण आत नव्हती. म्हणजे ठेवल्याची माझी आठवण चुकीची आहे. विसरणं वेगळं. मला न घडलेलं आठवतंय. आईचं असंच सुरू झालं होतं.”

तर्कात कुठेच खोट नव्हती. फक्त एक गोष्ट तिने गृहीत धरली होती — नवरा खरे बोलतो. मी चहा संपवला.

त्यानंतर ती डॉक्टरांकडे गेली. मीही सोबत गेलो. आता ती एकटी कुठे जात नव्हती. डॉक्टरांनी तिला घड्याळ काढायला सांगितले, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. ती इतक्या वेगाने खाली उतरत गेली की डॉक्टर हसून म्हणाले, “मॅडम, जरा हळू, मला तपासायला वेळ द्या.” सगळे उत्तम होते. डॉक्टर फाइल मिटत होते. तेवढ्यात सुनंदा म्हणाली, “परीक्षेत मी नेहमीच पास होते, डॉक्टर. यांना विचारा. हे एक शब्द वाढवून सांगणार नाहीत.”

डॉक्टर माझ्याकडे वळले. घरी काही जाणवले का, असे त्यांनी विचारले.

मी म्हणालो, “एकदा दुर्बीण चपलांच्या कपाटात सापडली होती.”

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही, बघा. मी एक शब्दही वाढवला नाही. डॉक्टरांनी फाइल पुन्हा उघडली, वर्षभराने परत दाखवा म्हणाले, आणि सुनंदाने मान हलवली — मनातला निकाल दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर माणूस हलवतो तशी.

मी गप्प राहिलो, इथपर्यंत मला भित्रा म्हणता येते. त्या खोलीत मात्र मी गप्प राहिलो नाही. मी साक्ष दिली. का दिली?

इथेच मला इतका वेळ यायचे नव्हते.

कारण मला ते आवडू लागले होते. लडाखहून आल्यापासून सुनंदा मला विचारत होती — गॅस बंद केला ना मी? किल्ली कुठे ठेवली, बघा ना. मुलीला हे आधी सांगितलं होतं का मी? आणि मी सांगत होतो. आयुष्यात प्रथमच घरात शेवटचा शब्द माझा होता. सोसायटीच्या सभेला ती येईना, मी जाऊ लागलो. लोक माझे नाव घेऊन बोलू लागले. ज्या बाईच्या मागे मी जन्मभर चाललो, ती आता रस्ता ओलांडताना माझी बाही धरत होती. तिची चूक नसताना, तिला काहीही झालेले नसताना. मला दया येत होती, हेही खरे. पण त्या दयेला गोड चव होती. हा माझा दोष. दुर्बीण ही त्याची केवळ सुरुवात.

ती दुपारी घरी शिकवण्या घ्यायची. दहावीची मुले. भूमितीची एखादी सिद्धता सांगताना मध्येच थांबून विचारू लागली, “हे मी आत्ता सांगितलं का रे?” मुले म्हणायची, “नाही मॅडम, पहिल्यांदाच सांगताय.” तिला ते पटायचे नाही. एका मुलीची आई विनवायला आली, परीक्षेपर्यंत तरी थांबा म्हणाली. “नको गं,” सुनंदा म्हणाली. “चुकीचं शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं. तुझ्या पोरीचं वर्ष आहे.” तिने फळा पुसला, भिंतीवरून उतरवला आणि मला माळ्यावर ठेवायला सांगितला. मी स्टुलावर चढून ठेवला. तिने खालून स्टूल धरले होते.

आता ती प्रवासाला येत नाही. अनोळखी गावात आपण काय करून बसू, याची तिला भीती वाटते. मी एकटा जातो. मंडळात मागे मी हलक्या सामानावर बोललो, तेव्हा आमचे परब नंतर चहा पिताना म्हणाले, “सर, वहिनी नाही येत ना हल्ली? मग काय, दोन्ही खांदे मोकळे. ऐश आहे राव तुमची.” त्यांना काही ठाऊक नव्हते, ते सगळ्यांचीच अशी थट्टा करतात. सगळे हसले. मीही हसलो. हसू आले, हे मी लपवत नाही.

तो नदीपलीकडच्या बाईचा फोटो आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. तो लावायचा आग्रह सुनंदाचाच. पाहुण्यांना ती स्वतः दाखवते. “ती मोठी लेन्स नेली म्हणून मिळाला हा,” असे सांगते. “नाहीतर हे कधी काही जास्तीचं नेत नाहीत.”

मी तिला सांगितलेले नाही. आरंभी गोष्ट फार लहान होती म्हणून; पुढे फार मोठी झाली म्हणून. या दोन्हींच्या मध्ये एखादा दिवस असा असेलच की जेव्हा ती सांगण्याजोग्या आकाराची होती. तो दिवस मी आरामखुर्चीत पेपर वाचत घालवला असणार. ही सबब नाही. अशी सबब मी ग्रंथालयात पुस्तक उशिरा परत करणाऱ्या वाचकाकडूनही ऐकून घेतली नव्हती.

वर्षभराने डॉक्टरांकडे जायचे होते, त्याप्रमाणे आम्ही गेलो. पुन्हा सगळे उत्तम निघाले. ती म्हणाली, “अजून वेळ आहे म्हणजे.” ती वाट बघते आहे. जे तिला झालेले नाही त्याची ती रोज सकाळी उठून वाट बघते, आणि आले की नाही हे मला विचारते. मी सांगितले तर तिला तिचे डोके परत मिळेल. शिकवण्या, रस्ते, गावे कदाचित परत मिळतील. त्याच क्षणी तिला हेही कळेल की इतके दिवस ती कुणाची बाही धरून चालत होती. मला दुसऱ्या गोष्टीची भीती वाटते. पहिलीच्या आशेपेक्षा जास्त वाटते. माणूस म्हणून माझी किंमत याहून वेगळी काढता येत नाही.

हे मी तिच्याऐवजी तुम्हाला सांगितले, हाही पळपुटेपणाच. मी लिहिलेली साध्या अर्जाची दोन वाक्येसुद्धा ती आधी वाचायची, ऱ्हस्वदीर्घ सुधारायची. हल्ली तिला स्वतःच्या सुधारण्याचीही खात्री वाटत नाही. ‘तुम्हीच बघा’ म्हणते. आत्ता ती आतल्या खोलीत आहे. मी काय लिहितो आहे ते तिने विचारले नाही.

तिच्या जागी तुम्ही असता, तर हे तुम्हाला कळायला हवे होते की नाही?